निळी इरकल

“कशावरून?” अवसरे सरांनी विचारलं, आणि त्यांच्या अडकित्त्यात सुपारी कट्‌दिशी फुटली.

मी कागदावरून मान वर केली. ‘माझी आई फार प्रेमळ आहे,’ एवढं एकच वाक्य माझं वाचून झालं होतं.

“कशावरून म्हणजे... आहेच ती प्रेमळ.”

“ते तू म्हणतेस. मी का मानू?”

“सर, मी तिची मुलगी आहे.”

“मग तर मुळीच मानणार नाही.” सरांनी सुपारीचं खांड गालात सारलं. “शालन, तू निकाल देऊन मोकळी झालीस. गोष्ट लिहिणाऱ्यानं निकाल द्यायचा नसतो. साक्ष द्यायची. काय पाहिलंस, काय ऐकलंस, तेवढं बोल आणि पिंजऱ्यातून उतर. निकालाचं वाचणारा बघून घेईल.”

“सर, सासूबाईंबद्दल मी अशी साक्ष दिली, तर मला घरात घेतील का हो कुणी?” चंपाबाई सुराणा म्हणाल्या, आणि सगळे हसले.

बार्शीच्या वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण जमायचो. अवसरे सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. दिवाळी अंकांत त्यांच्या कथा यायच्या. गोष्ट कशी लिहावी ते शिकवण्याचे पैसे ते घेत नसत, पण शब्द मात्र सुपारीसारखे कातरून काढत. चंपाबाई धान्याच्या अडतवाल्यांच्या घरातल्या, तीन लेकरांच्या आई. लिहायच्या कमी, बोलायच्या जास्त. आणि मी शालन गुंजोटीकर. सोलापूरला दोन वर्षं शिकून चार महिन्यांपूर्वी घरी आले होते. तुळशीचं लग्न उरकलं की माझं लग्न होतं. मुलगा जबलपूरला कारखान्यात नोकरीला. एकदा तिकडं गेले की बार्शी कुठली आणि माडीवरचे शनिवार कुठले, म्हणून जाण्याआधी एक तरी गोष्ट नीट लिहून व्हावी, असं मनात होतं.

“पुढच्या शनिवारी घरातलं एक जेवण लिहून आण,” सर म्हणाले. “सण नको, पंगत नको. रोजचं. प्रेमळ, सुंदर, दुःखी, असला एक जरी शब्द सापडला, तर कागद त्या खिडकीतून खाली. आणि आईला बोलू दे तिच्या तोंडानं. तुझ्या कागदावरची आई म्हणते, ‘बाळ, भोजन करून घे.’ अगं, बार्शीत कुठली बाई असं बोलते?”

घरी आल्यावर मी हे सगळं नकला करून सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील, कापडपेठेतल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच काम.

“बरोबर आहे त्यांचं,” अप्पा म्हणाले. “साडी चांगली आहे असं सांगितलं की गिऱ्हाईक उठलंच म्हणून समज. घडी मोडावी, पदर तिच्या खांद्यावर टाकावा, आरसा धरावा आणि आपण गप्प बसावं.”

“तुम्ही आन् गप्प!” आई चुलीपासून म्हणाली, आणि आम्ही तिघं हसत सुटलो.

आठवडाभर मी डोळे आणि कान उघडे ठेवून घरात वावरले. जे दिसलं ते टिपलं, जे ऐकलं ते आईच्याच बोलीत उतरवलं. शनिवारी दुपारी निघताना पेनात शाई भरायला गेले तर ती निऱ्यांवर सांडली. घाईघाईनं साडी बदलली आणि पळतच निघाले. वाचनालयात पोचले तर सर अजून यायचे होते. लिखाणाला शेवट नव्हता. मग जिन्याच्या पायरीवर बसून, निघताना दारात आई जे बोलली तेवढं जसंच्या तसं खाली जोडून टाकलं.

“हं. साक्षीदार हजर?” सर म्हणाले.

मी वाचायला लागले.

‘आईचं ताट अप्पा वाढतात. पूर्वी ते पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं भरून घेत नसत. माझं लग्न ठरल्यापासून आईचं ताट त्यांनी स्वतःकडं घेतलं आहे. वर मधोमध मीठ, डावीकडं लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. उजवीकडं भाजी आणि आमटीची वाटी. मधे भात. परवा मी कोशिंबीर उजवीकडं वाढली. अप्पांनी न बोलता ती उचलून डावीकडं ठेवली.

“ताट म्हणजे ताट,” ते म्हणाले. “सासरी हसतील तुला.”

आई पाटावर बसते. ताटाच्या कडेवरून एक बोट गोल फिरवते, जशी ताटाची दृष्ट काढते आहे.

“आमटी गरम हाय का हो?”

“आहे. वाफा निघताहेत.”

आई वाटीला बोट लावून बघते, मग उचलते. तिच्या उजव्या हाताशी अप्पा पाण्याचं भांडं ठेवतात. ठेवताना फरशीवर टण्ण वाजवतात. मला हसू येतं. इतकी वर्षं बायकोकडून पाणी घेतलं, आता एक भांडं दिलं तर त्याची दवंडी.

“शालन, जेवलीस का गं?” आई विचारते.

“अगं, तुझ्यासमोरच तर बसलेय.”

“व्हय की. बोलत न्हाईस, म्हणून इचारलं.”

तांदूळ आता मी निवडते. “सासरी निवडावं लागंल, आत्तापासनं सवय कर,” आई म्हणते. संध्याकाळची पोथीही मीच वाचते. “तुजा आवाज कानात भरून ठिवते. पुन्हा कुठं ऐकायला मिळतूय.” तिनं मला हात भरून बांगड्या घालायला लावल्या आहेत. लग्नाच्या आधीच घुंगरांचे पैंजण दिले आहेत. “चार दिवस घर वाजतं राहू दे,” म्हणते.

सकाळी दुकानाला निघताना अप्पा स्वयंपाकघरात जातात. आईच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटतात. आई हसते. मी आत गेले की दोघं गप्प.

दुपारी मी निघाले तेव्हा आई दारात वाती वळत बसली होती. पैंजण ऐकून तिनं मान वर केली. डोळे भरून माझ्याकडं बघितलं.

“निळी इरकल लई शोभती गं तुला,” ती म्हणाली. “दृष्ट लागंल कुणाची.”’

मी कागद खाली ठेवला. नवराबायकोच्या कानगोष्टींवर सगळे हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नव्हतं. चंपाबाई पदरानं नाक पुसत होत्या. सरांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला होता.

“एकदाही म्हणाली नाहीस,” सर अडकित्ता मिटत म्हणाले. “पूर्ण लिखाणात एकदाही तो शब्द आणला नाहीस. मी वाट बघत होतो, आता येईल, आता येईल. शाबास मुली. आई आंधळी आहे हे सांगितलं नाहीस, दाखवलंस.”

“कोण आंधळी?” मी म्हणाले.

सर हसले. “झालं, आता गंमत पुरे.”

“नाही सर, कोण आंधळी?”

“मला तर त्या कोशिंबिरीलाच कळलं बाई,” चंपाबाई म्हणाल्या. “आमच्या आत्येसासूबाई अशाच ताट चाचपायच्या. भाजी इकडची तिकडं झाली की घास अडायचा त्यांचा. आणि ते भांडं वाजवून ठेवणं! अगदी घरात येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंस की गं.”

मी एकाच्या तोंडाकडं बघितलं, मग दुसऱ्याच्या. मला वाटलं ही मंडळी माझी थट्टा करताहेत.

“अहो, ही माझी आई आहे,” मी म्हणाले. “खरीखुरी. मी काहीच रचलेलं नाही. पाहिलं तेवढं लिही असं तुम्हीच म्हणालात ना?”

सरांनी चष्मा काढला आणि हातात धरला.

“म्हणजे हे... हे असंच होतं घरी?”

“असंच होतं! पण तिला दिसतं सर. चांगलं दिसतं. शेवटचं ऐकलं नाहीत का? तासाभरापूर्वी तर म्हणाली, निळी इरकल शोभते म्हणून. न दिसणाऱ्या माणसाला रंग कसा कळेल?” आणि कोर्टात पुरावा दाखल करावा तसा मी माझा पदर हातावर पसरून सगळ्यांच्या पुढं धरला. “ही बघा!”

खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजत गेली. चंपाबाईंनी हात पुढं केला, माझ्या हातावरचा पदर दोन बोटांत धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, “शालन, हा पिवळा आहे गं.”

मी खाली बघितलं.

लिंबाच्या रंगाची सुती साडी. हिरवा बारीक काठ. निळी मी सकाळी नेसले होते. निळीवर शाई सांडली होती. निळी न्हाणीघरात बादलीत भिजत होती, आणि मी ही पिवळी नेसून आईच्या समोरून, दुपारच्या लख्ख उन्हातून, तिच्या नजरेसमोरून निघाले होते. तिनं डोळे भरून माझ्याकडं बघितलं होतं. ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

मी उठले आणि निघाले. जिन्याचा कठडा तेवढा आठवतो, त्याचं लाकूड थंड होतं. “मी येते सोबत,” असं चंपाबाई वरून म्हणत होत्या. सरांनी त्यांना थांबवलं असावं.

कापडपेठेतून जाताना दुकान लागलं. गादीवर अप्पा गुडघे टेकून बसले होते. समोर एक नवी नवरी आणि तिची आई. अप्पांनी गुलबक्षी साडीची घडी मोडली, पदर त्या मुलीच्या खांद्यावर टाकला आणि आरसा उचलून धरला. आरसा धरून ते गप्प बसले. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. मी हाक मारली नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी मी थांबले. खाली वाकून दोन्ही पायांतले पैंजण काढले. घुंगरं वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट आवळले. बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून बसवल्या. चोरानं आपल्याच घराशी यावं तशी मी पाय न वाजवता आले.

आई उंबऱ्याच्या आत, दाराकडं तोंड करून बसली होती. मांडीवर कापूस. डाव्या हाताच्या बोटांतून वात सुटत होती आणि ती गुणगुणत होती. दिवाळीपासून तेच गुणगुणायची. लेक सासरी जाणार म्हणून आई गाते आहे, असंच मी आजवर धरून चालले होते.

“दारीच्या तुळशीला पाणी घालिते अंदाजानं
लेक वळखिते मी गं पैंजणाच्या आवाजानं”

मी दारात उभी राहिले. तिच्यात आणि माझ्यात दोन हातांचं अंतर. तिनं मान वर केली. तिचे डोळे थेट माझ्यावर होते. गाणं चालूच होतं.

मी हात हलवला. गाणं चालूच.

मग ती थांबली. कपाळाला आठी पडली. उन्हात ठेवलेला हात तिनं उलटा सुलटा केला.

“कोण हाय?” माझ्या आईनं मला विचारलं.

मी चौकटीला हात टेकला.

“कोण उभं हाय तितं? ऊन हुतं अंगावर, ते गेलं म्हणून इचारते. काय पायजे? घरात कुणी न्हाई आत्ता. मालक दुकानात हायत.”

मला हुंदका आवरायचा होता म्हणून मी हात तोंडावर नेला, आणि बांगड्या खाली घसरल्या. तेवढ्या किणकिणीवर तिचा चेहरा फुलून आला.

“अगं बया! शालन! केवढी भेवले मी. आन् पैंजण कुठं गेलं तुजं?”

“हातात आहेत.”

“हातात कशापायी? तुटलं का? आज लवकर सुटलं वाटतं मास्तरांचं.” तिनं पुन्हा कापूस उचलला. “निळी मळवली न्हाईस न्हवं? इरकलीला डाग लागला तर निघत न्हाई.”

“आई, माझी साडी कोणत्या रंगाची आहे?”

तिची बोटं थांबली. अर्धी वळलेली वात तशीच राहिली.

“म्हंजे?”

“आत्ता. ही. कोणत्या रंगाची आहे?”

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्या कानाच्या थोडं वर, जिथं बोलणाऱ्या माणसाचे डोळे असतील असं तिला वाटलं तिथं बघितलं. बोळातून कुणाची तरी शेळी ओरडत गेली. आईनं ती वात वळून पूर्ण केली, बाकीच्या वातींच्या शेजारी नीट ठेवली.

“तुज्या अप्पांनी निळी सांगितलीवती,” ती म्हणाली.

मी उंबऱ्यावरच बसले. त्या रोजच्या सकाळच्या कानगोष्टी. आई हसायची ती कशाला, ते मला उंबऱ्यावर बसल्यावर कळलं. रोज सकाळी माझा बाप माझी साडी आईच्या कानात सांगून जात होता. काठ, पदर, रंग. ती दिवसभर जपून ठेवायची आणि वेळ बघून मला परत द्यायची.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय की. कडंकडंनं गेलं गं. आधी बाजूनं आलेलं माणूस दिसंना. मंग दारं अरुंद झाली. मंग असं, नळकांड्यातनं बघितल्यागत, समूरचं तेवढं दिसायचं. तू सोलापूरला हुतीस. यंदाच्या श्रावणात समईची वात तेवढी दिसत हुती. मंग ती बी इझली. म्हंजे वात न्हाई इझली.” ती थोडी हसली. “वात हुतीच.”

“डॉक्टर?”

“शालू घ्यायला सोलापूरला गेलतो न्हवं, तवा दाखवलं. काचबिंदू म्हणाला. गेलेली नजर माघारी येत न्हाई म्हणाला. तुज्या अप्पांनी दोनदा इचारलं त्याला. दोनदा त्यानं त्येच सांगितलं.”

“आणि शालू?”

“शालू बघितला की. हात लावून बघितला. लई जड हाय.”

“आणि मुलगा बघायला आला होता तेव्हा? तू तर म्हणालीस पोरगा माझ्या मनात भरला.”

“भरला म्हणजे भरलाच. पाणी पिऊन त्यानं भांडं हळू ठिवलं खाली. आपटलं न्हाई.” आई माझ्याकडं सरकली, हात पुढं करून तिनं माझा गुडघा शोधला आणि त्यावर तळवा ठेवला. “आन् उठताना तुला म्हणाला, ‘सावकाश, पाट हाय तितं.’ दिसणाऱ्या बाईला पाट दाखवतोय, म्हंजे चांगला असणार. एवढं बास झालं मला.”

मी तिचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही. चार महिने मी या घरात, या बाईच्या समोर जेवले होते. तिच्याकडं बघून केस विंचरले होते, आरशात बघावं तशी.

“मी नाही जाणार जबलपूरला,” मी म्हणाले. “मोडा लग्न. आज पत्र लिहून टाका.”

“हेच.” आईचा हात माझ्या गुडघ्यावर आवळला. “हेच म्हणशील, म्हणून तर घर वाजतं ठिवलं आम्ही. तुज्या अप्पांना म्हणलं, अक्षता पडोस्तर तोंडातनं ब्र काढू नका. एकुलती एक लेक, घराला खिळून बसंल.”

“बसेन. बसणारच. तू माझं लग्नसुद्धा बघू शकणार नाहीस आई!”

मला वाटलं आता ती रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर मी तांदळात खडा ठेवल्यावर यायचा तसा जुना वैताग आला.

“लेकीच्या आईनं लगीन बघायचं असतं का गं?”

“काय?”

“मंगलाष्टका म्हणताना लेकीची आई कुठं असती? सांग की. एवढी शिकलीस.”

आमच्यात मुलीच्या आईनं लग्न लागताना पाहायचं नसतं. मांडवाकडं पाठ करून तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं, अक्षता पडून वाजंत्री वाजेपर्यंत.

“माज्या लग्नात माजी आई बी तुळशीम्होरं पाठ करून बसलीवती,” आई म्हणाली. “तिला चांगलं दोन डोळं हुतं. मंग? माजं काय अडलं?”

दिवेलागणीला अप्पा आले. उंबऱ्यात पैंजणांची जोडी पडलेली बघून तिथंच थबकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

“आलात?” आई म्हणाली. “कळलं तिला.”

अप्पांनी टोपी काढली आणि पायरीवर टेकले. दिवसभर आरसा धरणारे त्यांचे हात मांडीवर रिकामे पडले होते.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मीच लिहिलं होतं, अप्पा. त्यांनी वाचून दाखवलं मला.”

त्यांना ते समजलं की नाही कोण जाणे. त्यांची नजर माझ्या साडीवर गेली आणि चेहरा एकदम पडला. चूक कुठं झाली ते त्यांना कळलं. आयुष्यात एक साडी त्यांनी चुकीची दाखवली होती. सवयीनं ते आईकडं वळले आणि दबक्या आवाजात सांगू लागले, “लिंबू रंगाची आहे. सुती. काठ बारीक, हिरवट...”

“तुम्ही गप बसा,” आई म्हणाली. “आज तिला सांगू द्या. कसली नेसलीस गं?”

“पिवळी,” मी म्हणाले.

“पिवळं काय एक असतं? हळद पिवळी, पितळ पिवळं, कावीळ झालेला माणूस बी पिवळाच.”

अप्पांना हसू आलं आणि त्याच हसण्यात ते डोळे पुसू लागले. मी आईचा हात धरून पदरावर ठेवला. तिच्या बोटांनी सूत ओळखलं, काठ मोजला. पण रंग बोटाला लागत नव्हता. मी डोळे मिटून शोधत राहिले. मग म्हणाले, “आजोळच्या विहिरीवर बाभूळ आहे ना वाकलेली? तिची फुलं पाण्यावर पडतात. तसली.”

“सकाळची का दुपारची?”

“सकाळची. नुकती पडलेली. अजून भिजली नाहीत, वरच तरंगताहेत.”

“आन् काठ?”

“काठ त्याच विहिरीच्या खालच्या पायरीचा. शेवाळानं निसरडी झालेली, ती.”

आईनं डोळे मिटले. न दिसणारे डोळे मिटून ती काही वेळ तशीच बसली. तिच्या ओठांवर, पोहायला पाण्यात उतरणाऱ्या पोरीसारखं काहीतरी आलं.

“दिसली,” ती म्हणाली.

मग तिनं पदर सोडला आणि हात वर आणून माझ्या हनुवटीला लावला.

“आता तू. तुजं तोंड मी सोलापूरला जातानाचं ठिवलंय. केसांच्या दोन येण्या घातलेल्या, नाकावर घाम. तशीच हाईस का बदललीस? सांग.”

मी तोंड उघडलं. बाभूळ सापडली होती, विहीर सापडली होती. आता काहीच सापडेना. मी अप्पांकडं बघितलं. सगळ्या पेठेला रंग दाखवणारा माणूस, त्यानं खाली मान घातली. आई वाट बघत राहिली. तिचा अंगठा माझ्या गालावरून फिरत होता, ताटाच्या कडेवरून फिरायचा तसा.

त्या आठवड्यात अप्पांनी जबलपूरला पत्र घातलं, काही न लपवता. उत्तर आलं. तारीख तीच ठेवली होती. खाली मुलानं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती. ‘आईंना म्हणावं, वर्षातून दोनदा आणून सोडीन.’ त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तो शब्द त्यानं पाळला. पुढं आईही गेली. पण लग्नाच्या दिवसाचं तेवढं सांगून थांबते.

मांडव दारातच घातला होता. मी जड शालू नेसून पाटावर उभी. समोर अंतरपाट, दोन्ही बाजूंनी धरलेला. पलीकडचा मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हते. मंगलाष्टकं चालली होती. त्या सगळ्या कल्लोळातून मला एक बारीक आवाज ऐकू येत होता. आमच्या तुळशीकट्ट्यावर तांब्यातून सुटलेल्या पाण्याच्या धारेचा.

भटजींनी ‘तदेव लग्नं’ म्हटलं. अक्षतांचा पाऊस पडला. अंतरपाट खाली सरकला. “हार घाल, हार घाल,” मागून मामी कुजबुजली. “वर बघ की गं.”

मी वर बघितलं नाही. शालू घोट्यापर्यंत उचलला आणि उजवा पाय पाटावर आपटला. जेवढा जोरात आपटता येईल तेवढा.

सगळी घुंगरं एकदम वाजली. भटजी दचकले. वाजंत्रीवाल्यानं तोंडाशी नेलेली सनई खाली घेतली. मामीनं कपाळावर हात मारला.

आई तिकडं मांडवाला पाठ करून बसली होती. तिनं वळून बघितलं नाही. बघायचं नसतं. तिच्या हातातला तांब्या तेवढा अधांतरी थांबला, आणि तुळशीवर पडणारी धार तुटली.